अडुसष्ट की बहात्तर: कुर्ल्याच्या स्टोअरवाल्या काकांचं एक प्रकरण

काका गेल्या पावसाळ्यात गेले. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या पार्ट्स खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली. हेल्पर म्हणून लागले, पुढे काउंटरवर आले आणि तिथेच स्थिरावले. पद्मिनी बनायची थांबली त्याला आता पाव शतक होत आलं, तरी जुन्या फियाटवाल्यांचे फोन त्यांना शेवटपर्यंत येत होते. नाव मुद्दाम देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे, आणि फोन करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते ‘स्टोअरवाले काका’ एवढेच माहीत होते.

अशा माणसावर लिहायला बसलं की लेखणी आपसूक साधेपणा आणि हसतमुख स्वभावाकडे वळते. काका हसतमुख नव्हते. फोनवर तर चांगलेच खेकसायचे. म्हणून आठवणींची माळ ओवण्यापेक्षा इथे एकच प्रकरण सविस्तर मांडतो: पुण्यातल्या एका डिलाइटच्या, म्हणजे पद्मिनीच्याच जुन्या अवताराच्या, पिस्टनचं. पार्ट्स खात्यातल्या माणसाला नेमकं काय ठाऊक असतं आणि कंपनी संपल्यावर त्यातलं काय उरतं, हे त्यात स्वच्छ दिसतं.

आधी थोडं कंपनीबद्दल

प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी काढली. विमान, जहाज आणि मोटार हे तिन्ही उद्योग या देशात उभे राहिले पाहिजेत, या ध्यासाने झपाटलेला हा सोलापूरचा माणूस. सुरुवात अमेरिकेच्या क्रायस्लरबरोबरच्या करारातून झाली आणि १९४७ पासून कुर्ल्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. फियाटशी संबंध पन्नाशीच्या दशकात जुळला, आणि १९५४ मध्ये फियाट ११०० आली. पुढचे दरवाजे उलट्या बाजूला उघडणारी ती पहिली गोलमटोल गाडी म्हणजे आपल्याकडची ‘डुक्कर फियाट’.

याच सुमाराला एक धोरण ठरलं, आणि पुढच्या पिस्टनच्या भानगडीचं मूळ त्यात आहे. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने सांगितलं की परदेशातून सुटे भाग आणून इथे नुसती जोडाजोड करायची असेल तर तो धंदा बंद करा. भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम असेल तरच राहा. शिवडीत १९२८ पासून गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ साली गाशा गुंडाळला. प्रीमियर राहिली. म्हणजे ब्लॉक, हेड, गिअर असं एकेक करत सगळं इथे बनवायचं आणि एकदा त्यासाठी यंत्रसामग्री लावली की ती वसूल होईपर्यंत तेच बनवत राहायचं.

एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशी नावं बदलत १९६४ च्या सुमाराला डिलाइट आली. सत्तरच्या दशकात तीच गाडी आधी प्रेसिडेंट झाली, आणि १९७४ पासून पद्मिनी. नाव बदललं, जाळी बदलली, पुढे डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. पण पत्र्याचा सांगाडा आणि पेट्रोल इंजिनाचा गाभा तोच. २००० पर्यंत ही गाडी निघत होती. पस्तीस वर्षं! ग्राहकांनी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिली आणि हाती आलं ते वडिलांच्या काळचं मॉडेल, म्हणून कंपनीला शिव्याही घातल्या. त्यात चूक काही नव्हती. मात्र गाडी न बदलल्याचा सगळ्यात मोठा फायदा आज जुनी गाडी उभी करणाऱ्यालाच होतो, हेही खरं.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना ही कंपनी वेगळ्याच वाटेने भेटते. औद्योगिक तंट्यात दिवाणी न्यायालयाला कुठवर हात घालता येतो, याचा १९७५ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा गाजलेला निकाल याच कुर्ल्याच्या कारखान्यातल्या मोटर प्रॉडक्शन खात्याच्या इन्सेंटिव्हवरून उभा राहिला होता. काका त्या खात्यातले नव्हते. ‘आमच्याकडे कसलं इन्सेंटिव्ह? आम्ही फक्त देणारे. बनवणाऱ्याला इन्सेंटिव्ह,’ एवढंच म्हणायचे.

काउंटरपलीकडचा माणूस

पार्ट्स खात्याचं काम बाहेरून गोदामाच्या हमालीसारखं दिसतं. रॅक, खण, प्रत्येक खणाला लटकलेलं बिन कार्ड, आलेला माल जमा, गेलेला माल वजा. कार्डावरची शिल्लक आणि खणातले नग जुळले की दिवस संपला. एवढंच असतं तर त्यांच्या जाण्याची दखल आमच्यासारख्यांनी घेतली नसती.

खरी गुंतागुंत नंबरांत असते. गाडीच्या प्रत्येक भागाला कंपनीचा एक नंबर असतो. भागात बारीकसा बदल झाला तर नवा नंबर पडतो. कधी नवा भाग जुन्याच्या जागी चालतो पण जुना नव्याच्या जागी चालत नाही, कधी दोन्हीकडून चालतो, आणि कधी सोबतचा बुश किंवा वॉशरही बदलावा लागतो. त्यात अर्धे भाग कंपनी स्वतः बनवतच नाही. पिस्टन, रिंगा, ब्रेकचा माल, डायनॅमो, प्लग हे सगळं इंडिया पिस्टन्स, गोएट्झे, ब्रेक्स इंडिया, लुकास-टीव्हीएस, मायको अशा कारखान्यांतून बनणारा माल. त्यावर बनवणाऱ्याचा वेगळा नंबर. म्हणजे एकाच वस्तूला दोन-तीन नंबर, आणि कधी एकाच नावाच्या दोन वेगळ्या वस्तू.

बेअरिंगचं उदाहरण घ्या. कंपनीच्या डब्यात, कंपनीच्या नंबराने मिळणारं बेअरिंग बहुतेक वेळा जगभर चालणाऱ्या ठरावीक मापाचंच असतं. ६२०४ म्हटलं की आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७, रुंदी १४. मग ते कुठल्या गाडीत बसतं की पाण्याच्या पंपात, याच्याशी बेअरिंगला देणंघेणं नाही. ऑइल सीलही तसंच, तीन मापांवर चालतं. कंपनी चालू असेपर्यंत गिऱ्हाइकाला हे कळण्याची गरज नव्हती, आणि कंपनीला ते कळवण्यात रस असण्याचं कारणही नव्हतं. काउंटरमागे बसणाऱ्याला मात्र ते कळतंच. माल संपलेला असतो, टॅक्सीवाला समोर उभा असतो, गाडी दारात जॅकवर असते.

काकांच्या प्रश्नांचा क्रम ठरलेला होता. गाडी कुठली? साल कुठलं? इंजिन नंबर? जुना पार्ट आणलास? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ म्हटलं की बोलणं तिथेच थांबायचं. फोनवर काम विचारणाऱ्यालाही ते जुना पार्ट हातात घेऊन मगच फोन करायला लावायचे. जुन्या फियाट उभ्या करणाऱ्यांच्या आमच्या गटातल्या नव्या माणसांना हा उद्धटपणा वाटे. चुकीचा पार्ट एकदा नेऊन परत आणणं म्हणजे काय, हे ज्याने त्यांच्यासारखं रोज पाहिलंय त्याला हा वेळ वाचवणारा प्रश्न वाटतो.

आणखी एक गोष्ट त्यांच्या बोलण्यातून वारंवार यायची. स्टोअरमधला माल जलद हलणारा, सावकाश हलणारा आणि न हलणारा असा विभागतात. न हलणारा माल म्हणजे अडकलेला पैसा. हिशोबनीस दर वर्षी त्याच्याकडे बोट दाखवतो आणि एक दिवस तो भंगारात निघतो. पद्धत बरोबर आहे, जगातली कुठलीही कंपनी हेच करते. गंमत अशी की तीस-चाळीस वर्षांनी जुन्या गाडीच्या मालकाला नेमकं तेच हवं असतं जे कोणी कधी मागितलं नव्हतं: दाराच्या आतलं हँडल, छताच्या दिव्याची काच, घड्याळाची रिंग. क्लच प्लेट आजही मिळते, कारण ती तेव्हा रोज खपत होती.

प्रकरण

पुण्यातल्या एका मित्राने साठच्या दशकाच्या मध्याची एक डिलाइट घेतली. गाडी एकाच घरात राहिलेली, पत्रा बऱ्यापैकी शाबूत, इंजिन मात्र निळा धूर ओकत होतं. उघडल्यावर कळलं की ब्लॉक आधीच दोनदा बोअर झालाय, म्हणजे पिस्टन ज्यात फिरतात ती भोकं कातून मोठी केलीत, आणि आता आणखी ओव्हरसाइज पिस्टनला जागा नाही. पिस्टन घासलेले, एक रिंग तुटलेली.

मित्र अभ्यासू. नाना पेठेतल्या दुकानांतून जो माल दाखवला गेला तो त्याला पसंत पडेना. डबा एका कंपनीचा, आतला पिस्टन भलत्याच. शेवटी त्याने युरोपातल्या एका विक्रेत्याकडे शोधलं. इटलीत डिलाइटची जुळी गाडी ‘११०० डी’ या नावाने १९६२ ते १९६६ या काळात निघाली. चेहरा तोच, सांगाडा तोच, दरवाजे तेच. पुस्तकंही सांगतात की भारतातली डिलाइट म्हणजे ११०० डी. त्याने ११०० डी चा पिस्टन संच मागवला. कस्टम भरून पार्सल घरी आलं. माल अप्रतिम होता, यात वाद नाही.

मेकॅनिकने पिस्टन ब्लॉकच्या तोंडावर ठेवला तर तो आत जाईना. थोडाथोडका नाही, चांगला जवळजवळ चार मिलिमीटरने मोठा.

आता तिघांची तीन मतं झाली. मित्राचं म्हणणं, विक्रेत्याने चुकीचा संच पाठवला. मित्राच्या भावाचं म्हणणं, आपला ब्लॉकच कधीतरी बदललेला असणार, ही मूळची डिलाइट नव्हेच. मेकॅनिकला मात्र यात संधी दिसली. इंजिन दिसायला तेच आहे, इटलीने त्यात एवढा मोठा पिस्टन बसवलाय, तर आपणही बोअर वाढवून बसवू. ब्लॉकला तसंही बोअरिंग लागणारच आहे आणि गाडीला जोरही येईल. ऐकायला हे फार पटण्यासारखं होतं. ब्लॉक बोअरिंगवाल्याकडे न्यायचा दिवसही ठरला होता. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, एकदा काकांना विचार.

काकांचं उत्तर

फोन स्पीकरवर होता, म्हणून तो संवाद आम्हा बऱ्याच जणांना पाठ आहे.

‘पुस्तकात काय लिहिलंय ते मला नको सांगू,’ काका म्हणाले. ‘मेकॅनिककडे व्हर्नियर आहे ना? बोअर मापायला सांग.’

‘काका, अडुसष्टच्या थोडं वर भरतोय.’

‘आणि तुझा तो पिस्टन?’

‘बहात्तर.’

‘मग तो इटलीच्या गाडीचा. विकणाऱ्याने बरोबरच दिलाय. तू मागितलास तेच आलंय.’

एका वाक्यात पहिली दोन मतं बाद झाली. इटलीने ११०० डी काढताना इंजिन मोठं केलं. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ७५ मिलिमीटरच ठेवला आणि बोअर, म्हणजे भोकाचा व्यास, ६८ वरून ७२ वर नेला. कागदावर गणित करून पाहा: ६८ च्या बोअरला चार सिलिंडर मिळून १०८९ सीसी भरतात, ७२ च्या बोअरला १२२१. कुर्ल्याने नवं अंग घेतलं, पण इंजिन जुनंच ठेवलं. डिलाइटही १०८९ आणि शेवटची पेट्रोल पद्मिनीही १०८९. म्हणून डिलाइट आणि ११०० डी एकच, हे विधान पत्र्यापुरतं खरं आणि ब्लॉकपुरतं खोटं आहे.

असं का झालं, तेही काकांनी आपल्या परीने सांगितलं. १९५३ नंतर इंजिन इथे बनवायचं ठरलं तेव्हा साचे आणि यंत्रं अडुसष्टसाठी लागली. पिस्टन आणि रिंगा बनवणारे कारखाने त्याच मापावर उभे राहिले. ते सगळं चार मिलिमीटरसाठी पुन्हा मांडायचं कोणाच्या पैशाने? त्यातून गिऱ्हाईक तर रांगेत उभंच होतं. यातला शेवटचा मुद्दा काकांनी जरा चवीने सांगितला होता. मला तरी हे स्पष्टीकरण पटतं. परवाने, परकीय चलनाची टंचाई आणि गाडीच्या किमतीवर सरकारचं नियंत्रण या त्रिकोणात बसलेली कंपनी चालू इंजिनाला हात लावेल, असं समजायला काही आधार नाही.

मग मेकॅनिकचा बेत. काका त्याच्याशी बोलले, आणि बरेच सौम्यपणे बोलले. कारागिराशी त्यांचा सूर वेगळा असायचा.

‘बोअर चार वाढला म्हणजे भिंत प्रत्येक बाजूने दोन गेली. इटलीवाल्याने बहात्तरचं ठरवून कास्टिंग केलं. आपलं कास्टिंग अडुसष्टचं. तुमचा ब्लॉक आत किती गंजलाय, पाण्याची वाट कुठे पातळ झालीय, हे बाहेरून दिसतं का? बोअर होईल हो. पहिल्या घाटात काय होईल ते बघा.’

मेकॅनिकने थोडा वाद घातला. दोन सिलिंडरच्या मधली पट्टी मोजून पाहू म्हणाला. काकांनी त्यालाही नकार दिला नाही, मोजून बघा म्हणाले. त्याने मोजली, आणि बोअरिंगवाल्याचा दिवस रद्द केला.

तिसरी वाट काकांनीच दाखवली. ब्लॉकला स्लीव्ह मारून, म्हणजे भोकांत नव्या नळ्या बसवून, मूळच्या अडुसष्टवर परत आणायचं आणि पद्मिनीचे स्टँडर्ड पिस्टन घालायचे. माल कुठे मिळेल, हा मित्राचा पुढचा प्रश्न होता. त्यावरचं काकांचं उत्तर आमच्या गटात आता नियम होऊन बसलंय: ‘टॅक्सीचा माल ठेवणाऱ्या दुकानात जा. पद्मिनी म्हण. डिलाइट म्हणू नकोस. डिलाइट म्हटलंस की एक तर नाही म्हणेल, नाहीतर तिप्पट सांगेल.’

आणि शेवटी एक ताकीद. अडुसष्टचा आहे म्हणून कुठलाही पिस्टन उचलू नकोस. जुना पिस्टन सोबत ने आणि तीन मापं ताडून बघ: व्यास, पिस्टनला दांड्याशी जोडणाऱ्या गजन पिनची जाडी, आणि पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची. या ताकिदीला अर्थ होता. इटलीने १९६६ नंतरच्या ११०० आर मध्ये बोअर पुन्हा अडुसष्टवर आणला होता. म्हणजे युरोपातून अडुसष्टचा पिस्टनही मिळू शकतो आणि तो बोअरमध्ये सुखाने उतरेलही. पण त्याची उंची आणि माथा आपल्या हेडशी जमतो की नाही, हे डब्यावर लिहिलेलं नसतं. पहिल्या चुकीतून शहाणा झालेला माणूस दुसरी चूक नेमकी इथे करतो, हे काकांना ठाऊक होतं.

मुंबईत सीएसटी रोडच्या भागातल्या एका दुकानात संच मिळाला. गाडी चालू झाली. धूर गेला. युरोपचा संच विक्रेत्याने परत घेतला. कस्टमचे आणि पार्सलचे पैसे मात्र बुडाले.

टॅक्सीच्या जिवावर

यात टॅक्सीचा वाटा किती मोठा, हे वेगळं सांगायला हवं. पद्मिनी बनायची थांबल्यावरही तिचा माल बाजारात मुबलक राहिला, कारण मुंबईची काळी-पिवळी म्हणजे पद्मिनीच होती. टॅक्सी एक दिवस उभी राहिली तर चालकाची त्या दिवसाची कमाई जाते, म्हणून माल ठेवणाऱ्याला गिऱ्हाईक हमखास. ताडदेवच्या आरटीओत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावर अधिकृतपणे उरली नाही. त्या दिवशी पेपरांत हळहळ छापून आली. काकांची काळजी व्यवहाराची होती: आता दुकानदार पद्मिनीचा माल कोणासाठी ठेवील?

तसंच होतंय. गेल्या एक-दोन वर्षांत ज्या दुकानांत किंग पिनचा संच मागितला की हात वर करून काढून द्यायचे, तिथे आता ‘बघून सांगतो’ असं ऐकू येतं.

परदेशातल्या बंद पडलेल्या कंपन्यांचं काय झालं, ते यासोबत ठेवून पाहावं. स्वीडनची साब २०११ च्या डिसेंबरात दिवाळखोरीत निघाली, पण तिची सुट्या भागांची कंपनी वेगळी होती. ती वाचली आणि २०१३ पासून ओरिओ या नावाने माल देत राहिली. डिलोरियनचा बेलफास्टजवळचा कारखाना १९८२ मध्ये बंद झाला. उरलेला साठा आधी अमेरिकेत ओहायोत गेला आणि १९९७ मध्ये टेक्सासला. दोन्हीकडे मालाचे ढीग एकगठ्ठा राहिले आणि त्यांच्यासोबत नंबरांच्या याद्याही. आपल्याकडे आम्हाला जो माल सापडतो तो ऑपेरा हाऊस, सीएसटी रोड, नाना पेठ असा विखुरलेला, आणि बहुतेकदा डब्यावाचून. यादी जी काही होती ती काकांसारख्यांच्या डोक्यात.

वह्या

डोक्यात म्हणालो, पण सगळं डोक्यातच नव्हतं. काकांनी नोकरीत असताना स्वतःसाठी वह्या ठेवल्या होत्या. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मालवाल्याकडून भेट मिळणाऱ्या डायऱ्या होत्या त्या, तारखेशी काही संबंध न ठेवता भरलेल्या. छापील पार्ट्स कॅटलॉगही त्यांच्याकडे होते. ते कॅटलॉग २६ जुलै २००५ च्या पुरात गेले. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी कुर्ल्यात मिठीचं पाणी तळमजल्यांत शिरलं. कॅटलॉग कपाटाच्या खालच्या कप्प्यात होते, त्यांचा लगदा झाला. डायऱ्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. माझ्या मते नुकसान वाटतं त्यापेक्षा कमी झालं. कॅटलॉग दुसऱ्या कोणाकडे तरी असतो आणि कधीतरी मिळतो. डायरीची दुसरी प्रत नसते.

काका गेल्यावर त्यांच्या मुलीने डायऱ्या आम्हाला पाहायला दिल्या. आत काय आहे? डावीकडे कंपनीचा नंबर, मध्ये बनवणाऱ्याचा नंबर, उजवीकडे मराठीत शेरा. ‘जुना चालेल, वॉशर घालून.’ ‘डावा-उजवा एकच, डब्यावर विश्वास नको.’ ‘हा फक्त डायनॅमोवाल्याला.’ बेअरिंग आणि सीलची मापं पानांमागून पानं. एका ठिकाणी ठळक अक्षरात: ‘इटलीचं पुस्तक इंजिनाला वापरू नये.’ म्हणजे मित्राचा घोटाळा काकांना नवा नव्हता. कारखान्यात असतानाच कोणीतरी तो केला होता.

आम्ही या नोंदी संगणकावर चढवतोय. काम किचकट आहे, कारण कंपनीचा नंबर नुसता उतरवून उपयोग नसतो. प्रत्येक शेऱ्याखाली वस्तू हातात घेऊन मापून बघावी लागते. काही शेरे चूकही निघाले. एका ऑइल सीलचं माप डायरीत एक आणि प्रत्यक्षात दुसरं. कदाचित मधल्या काळात बनवणारा बदलला असेल. म्हणून आता आमच्या यादीत दोन रकाने ठेवलेत: काकांनी लिहिलेलं आणि आम्ही मापलेलं. जुळेपर्यंत दोन्ही राहतात.

मित्राच्या प्रकरणातून यादीचा आराखडाही बदलला. आधी आम्ही भागाचं नाव आणि मिळण्याचं ठिकाण एवढंच टिपत होतो. काकांना फोन करायचा, ‘अमुक कुठे मिळेल?’ विचारायचं, उत्तर घेऊन दुकान गाठायचं, असा सगळ्यांचा रिवाज. दुकानं बंद पडतात, ठिकाणं बदलतात. ‘अमुकऐवजी काय चालेल आणि काय अजिबात चालणार नाही’ हा प्रश्न कमी लोकांनी विचारला, आणि तो विचारला की काकांचं खेकसणंही कमी व्हायचं. आता तोच पहिला रकाना आहे.

जे वह्यांत नाही

या वह्यांच्या मर्यादा स्पष्ट आहेत. प्रीमियरने १९८५ मध्ये ११८ एनई काढली. अंग फियाट १२४ चं, इंजिन निसानचं, ११७१ सीसीचं. काकांना ती गाडी कधीच आपली वाटली नाही. ‘तिचं मला विचारू नकोस’ हे त्यांचं कायमचं उत्तर, आणि डायऱ्यांतही तिच्याबद्दल जेमतेम काही ओळी. ११८ वाल्यांना आमच्या यादीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. त्या खणांवर दुसरं कोणीतरी बसत असणार. ती व्यक्ती हयात असेल तर तिला शोधणं हे काम कोणी अंगावर घ्यायला हवं, आणि लवकर.

डुक्कर फियाटवाल्यांचीही निराशाच होते. काका काउंटरवर आले तोवर ती गाडी न हलणाऱ्या मालात जमा झाली होती. त्या गाडीबद्दल त्यांना जे माहीत होतं ते ऐकीव, आणि ऐकीव गोष्ट ते वहीत लिहीत नसत.

तिसरी उणीव रबराची. इंजिनाच्या आतला माल मापावर चालतो, म्हणून वहीतून सापडतो. काचेचं रबर, दाराची बीडिंग, पेडलची टोपी यांना माप नसतं, आकार असतो, आणि तो नंबरात उतरत नाही. त्यासाठी जुना नमुनाच लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका कारखानदाराशी आमचं बोलणं चालू आहे. साच्याचा खर्च निघायला किती नग घ्यावे लागतील यावर घोडं अडलंय, आणि मागच्या काचेचं न झिजलेलं रबर अजून कोणाकडे मिळालेलं नाही. ज्यांच्याकडे डिलाइट किंवा प्रेसिडेंटचं असेल त्यांनी ते गाडीवरून काढू नये. उन्हाने कडक झालेलं रबर काढताना तुटतं. गाडी आहे तिथेच येऊन आम्ही त्याचा छाप घेऊ.